घाट उतरणारी खोली

मी लिहिणाऱ्यांतला नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. काल सरकीच्या पेंडीचा वास आला आणि धुळ्याजवळच्या आमच्या गावातलं ते अंगण आठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची चाकांवरची खोली, आत ऑपरेशनचं टेबल असलेली, साक्रीच्या पुढे घाट उतरून आत्याच्या गावी ओढत न्यायची होती. आत्याला दिसेनासं झालं होतं. गावातले नाना आपली नवी जीप घेऊन आले, सगळे खूश. मी चाचरत म्हणालो, "नाना, चढावर जीप ओढेल, पण खोली जीपपेक्षा जड आहे, उतारावर तीच जीपला ढकलेल." "कॉलेजमा हाईच शिकाडतस का रे?" नाना म्हणाले आणि सारं अंगण हसलं. माझे कान तापले. तरी म्हणालो, "बाजारात बैल घेताना तो भरली गाडी उतारावर रोखतो का, हेच आपण बघतो ना?" हसू थांबलं. वडील उठले आणि कापसाच्या व्यापाऱ्याचा ट्रक मागून घेऊन आले. रिकामा ट्रक उतारावर खोलीपुढे हलका पडू नये म्हणून त्यात पेंडीची पोती भरली. पहिलं पोतं नानांनीच उचललं. परीक्षेसाठी मला मात्र जळगावला परतावं लागलं. त्या परीक्षेत किती गुण पडले ते आज आठवत नाही. आठवतो तो गावाकडच्या एसटीचा कंडक्टर, होस्टेलच्या दारातून ओरडणारा, "भाऊ, नानानी सांगेल शे, खोली घाट सुखरूप उतरनी, आन् आत्याले बठ्ठं, सगळं दिखस!"