वसंताचे अर्ज

वसंत गेल्याचं त्याच्या बायकोने, सुमनने, फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. आदल्याच दिवशी तो रोह्याहून पेणला माझ्याकडे आला होता आणि भर ताटावर म्हणाला होता, "दादा, अजून एक अर्ज लिहून दे." मी साफ नाही म्हटलं. "आता पुरे कर," म्हटलं. तो जेवला, गेला… आणि पहाटे छातीत कळ येऊन संपला. माझा हा धाकटा मावसभाऊ जातानाही मला वैताग देऊन गेला.

रोह्यालगतच्या धाटावमध्ये एका रसायन कंपनीत तो माल पाठवण्याच्या खात्यात होता. सुरुवातीला ट्रक कंपनीचे, ड्रायव्हरही कंपनीचे. कँटीनमध्ये जेवायचे, आतलंच शौचालय वापरायचे. पुढे कंपनीने सगळी ने-आण बाहेरच्या लॉजिस्टिक्सवाल्यांना देऊन टाकली, त्यांनी ती ट्रकमालकांना वाटली. माल वेळेवर जाऊ लागला, कुठली गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दिसू लागलं. वसंतही हे मोकळेपणी मान्य करायचा. पण ड्रायव्हर आता कुणाचेच नव्हते. नंबर लागेपर्यंत दिवसभर फाटकाबाहेर, आणि आडोसा म्हणून गटारापलीकडची झुडपं. एकदा सोलापूरकडच्या एका वयस्क ड्रायव्हरला शिफ्टला जाणाऱ्या बायकांनी तिथे पाहिलं आणि शिव्या घातल्या. तो वसंतासमोर येऊन रडला. तिथून या माणसाने फाटकापाशी ड्रायव्हरांसाठी शौचालय व्हावं असा ध्यासच घेतला.

मी मराठीचा मास्तर, म्हणून अर्ज मी लिहायचे. कंपनी म्हणे, माणसं ठेकेदाराची. ठेकेदार म्हणे, जागा कंपनीची. दर वेळी तेच. "अरे, तू काय ड्रायव्हर आहेस?" मी ओरडायचो. "त्यांच्या गाडीत माल मीच भरून देतो ना, दादा," एवढंच म्हणायचा.

दोन वर्षांनी कंपनीने शौचालय बांधलं. हा पेढे घेऊन पेणला! आठवडाभरात त्याला कुलूप लागलं, कारण साफसफाई कुणी करायची हे ठरेना. मग वसंताने आपल्या घरामागचं शौचालय ड्रायव्हरांना मोकळं करून दिलं. घर फाटकापासून हाकेच्या अंतरावर. सुमनचा पारा चढला. "घराचा पार एसटी स्टँड केलाय यांनी," असं ती मला फोनवर सांगायची, आणि मी तिचीच बाजू घ्यायचो.

परवा, महिन्याभराने, तिला भेटायला गेलो. फाटकापाशी शौचालयाचं कुलूप तसंच होतं, आता गंजलेलं. ओटीवर बसून बोलत होतो, तेवढ्यात पायरीशी एक ड्रायव्हर येऊन अवघडून उभा राहिला.

"साहेब हायत का?"

"साहेब नाय आता," सुमन म्हणाली.

तो ओशाळून वळला.

"आरं, जातोस कुठं?" ती उठली. "मागच्या अंगानं जा. थांब, बादली भरून देते. आणि कडी दाबून लाव, सैल हाय. यांना कितीदा सांगितलं, जगाचे अर्ज करताय, घरची कडी तेवढी बसवा…"

वाक्य तसंच टाकून ती नळाकडे गेली.