तुळसाबाईची उघाडी

तुमच्यापेक्षा निम्मं बोलणाऱ्या माणसाचं लोक दुप्पट ऐकतात, हे कधी सोसलंय का तुम्ही? मी सोसतोय, तीन वर्षं झाली. त्या माणसाचं नाव तुळसा भोईर, राहणार मोहने.

नळासाठी मोर्चे मी काढले. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी पालिकेत ठाण मांडून मी बसलो. इलेक्ट्रॉनिक्स मी रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलो, कुणा मास्तरचे उपकार नाहीत. तरी आंबिवली-मोहन्यात कुणाचा चार्जर मेला की पावलं वळतात ती तुळसाबाईच्या ओटीवर. बाई सातवी शिकलेली. डोंबिवलीच्या एका कारखान्यात अठरा वर्षं चार्जरच्या पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवर, डायोड बसवत होती. कारखान्याला टाळं लागलं, तशी सोल्डरिंग गन घेऊन घरीच बसली. बोर्ड नाही, जाहिरात नाही. ओटीवर गर्दी बघून माझं पित्त खवळायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा समाजमंदिरात बायकांसाठी दुरुस्तीचा वर्ग सुरू करायचं ठरलं. कल्पना माझी, जागेसाठी भांडलो मी, म्हणजे शिकवणारही मीच. पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष चांगदेवदादा म्हणाले, दोघांनी रविवारी बायकांसमोर डायोड समजावून द्यायचा. कोण शिकवणार ते बायकाच ठरवतील. मला झोंबलं. तरी गेलो.

आधी मी उभा राहिलो. सांगितलं, डायोड म्हणजे सिलिकॉनचा कण. एका बाजूला इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्या बाजूला त्यांच्या रिकाम्या जागा. मध्ये सीमेवर एक ओसाड पट्टा. बॅटरी एका दिशेनं लावली की पट्टा आक्रसतो, करंट जातो. उलटी लावली की पट्टा रुंदावतो, करंट अडतो. एक शब्द चुकला नाही. भावना म्हात्रे दुसऱ्या रांगेत जांभया देत होती.

मग प्रयोग. दोन सेल, टॉर्चचा बल्ब, मध्ये डायोड. डायोडवर एका टोकाला चंदेरी रेघ असते. चार्जरमध्ये त्या रेघेकडूनच प्लस बाहेर पडतो, हे मला तोंडपाठ. म्हणून सेलचा प्लस मी बिनधास्त रेघेला लावला. बल्ब ढिम्म. सेल बदलले, तरी ढिम्म. दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला म्हणून मी त्याचा उद्धार सुरू केला.

तुळसाबाई जागेवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "दादा, भरतीचं पानी दारावर लोटलंस तू. फिरव त्याला."

फिरवला. बल्ब लागला.

बायका हसल्या. मग तिनं बसल्या बसल्याच सांगितलं. तिचे वडील खाडीच्या बांधावरची उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, वरून टांगलेलं. शेतातलं पाणी आतून रेटतं तेव्हा दार उघडतं. भरतीचं खारं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा तेच दार घट्ट बसतं, शेत वाचतं. डायोड तसाच. रेघेकडून प्लस बाहेर पडतो हे खरं, पण त्याला आत शिरायचं तर बिनरेघेच्या बाजूनं. भावनानं विचारलं, बल्ब जरा मंद का? तुळसाबाई म्हणाली, "दार उघडायला पान्याचा थोडा जोर खर्ची पडतोच की गं. हा अर्ध्या-पाऊण व्होल्टचा जोर खातो." आणि फार मोठं उधाण आलं तर दारच फुटतं, डायोडही तसाच जळतो.

हा अर्धा-पाऊण व्होल्ट माझ्या पुस्तकातही होता. शंभर वेळा वाचलेला. बल्ब मंद आहे हे मात्र माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

चांगदेवदादांनी हात वर करायला सांगितले. सगळे तिच्या बाजूनं. मी छताकडे बघत राहिलो. घरी जाताना वाटलं, हिची उघाडी मला का नाही सुचली? आमच्या आज्यानंही तोच बांध राखलेला. आजही तिच्या वर्गावरून जाताना आतला हशा ऐकू आला की जिवाची लाही होते.

पण वर्ग चालायला हवा, आणि बायकांना उघडून बघायला सामान पुरत नाही. म्हणून मागतो. तुमच्या घरात बंद पडलेले चार्जर, अडॅप्टर, इमर्जन्सी लाइट असतील, ते भंगारात घालू नका. रविवारी चार वाजता मोहन्याच्या समाजमंदिरात आणून द्या. माझ्याकडे नाही, तुळसाबाईच्याच हातात द्या.