आठ आकड्यांची तारीख

पासवर्ड कसा असावा हे मी लोकांना शिकवते आणि त्याचा मला पगार मिळतो. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत माझं हेच काम आहे. जन्मतारीख ठेवू नका, बायकोचं नाव ठेवू नका, एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू नका, असं मी मोठमोठ्या साहेबांना बजावते. ते गंभीरपणे माना डोलावतात आणि घरी जाऊन जन्मतारीखच ठेवतात. त्यांना हसण्यात माझी बरीच वर्षं मजेत गेली. मग कंपनीने माझ्याच घराची झडती मागितली.

मेल आला. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करणाऱ्यांनी आपल्या घरचं वायफाय सुरक्षित असल्याचं सिद्ध करावं, आठ कलमांचा फॉर्म भरावा, प्रत्येक सेटिंगचा स्क्रीनशॉट जोडावा, मुदत बुधवार. नाही जमलं तर पाचही दिवस ऑफिसात या. ऑफिसचं मला वावडं नाही, तिथली कॉफी आमच्या घरच्यापेक्षा बरी असते. पण घरी बाबा. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबांची साखर दुपारी कधी अचानक उतरते, आणि उतरली की ते कोणाला हाक मारत नाहीत, नुसते गप्प बसून राहतात. ते तीन दिवस मी त्यांच्यासाठीच मागून घेतले होते. ते जाऊ देणं मला परवडणार नव्हतं.

आमचा राउटर टीव्हीच्या वर, आईने विणलेल्या रुमालाखाली. रुमाल धुळीसाठी. राउटरला हवा लागते हे मी एकदा सांगून पाहिलं होतं, तर बाबा म्हणाले होते की भोकं आहेत ना रुमालाला. सेटिंगच्या पानावर शिरायचं नाव अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिन. कनेक्शन लावणाऱ्या माणसाने ठेवलेला, आणि सुरक्षा तज्ज्ञ असलेल्या मुलीने चार वर्षं जपलेला. वायफायचा पासवर्ड मात्र बाबांनी ठेवलेला होता. तिथे किमान आठ अक्षरं लागतात, आणि बाबांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी तारीख नेमकी आठ आकड्यांची आहे: १४१०१९५६. नागपुरात दीक्षा झाली तो दिवस. बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते आणि आजोबांच्या खांद्यावर होते. त्यांना गर्दीतली फक्त डोकी आठवतात, पण ते सांगायला त्यांना अर्धा तास लागतो.

आता अडचण अशी की ही तारीख आमच्या गल्लीत एकट्या बाबांचीच नाही. गच्चीवर उभी राहून मी एकदा गंमत म्हणून पाहिलं होतं. समोरच्यांचं वायफाय, कोपऱ्यावरच्यांचं, शेजारच्या काकूंचं, सगळी दारं त्याच तारखेने उघडली. एवढा मोठा दरोडा मी चार मिनिटांत घातला आणि खाली येऊन चहा केला. उलटही तेच चालू होतं. राउटरवरची यादी उघडली तेव्हा दोन माणसांच्या घरात एकोणीस उपकरणं नांदत होती. त्यात एक टीव्ही होता, जो आमचा नव्हता. शेजारच्या काकूंचं रिचार्ज संपलं की त्यांची मालिका आमच्या नेटवर चालायची, आणि आमचं बंद पडलं की बाबा त्यांच्या ओट्यावर जाऊन त्यांचं नेट वापरायचे. कोणी कोणाला विचारत नसे.

मी कामाला लागले. अ‍ॅडमिनचं नाव बदललं. बटण दाबून जोडायची सोय बंद केली. बाहेरून राउटर चालवायची वाट बंद केली. वायफायचं नावही बदललं आणि पासवर्ड असा ठेवला की तो मलाही कागदावर पाहून टाकावा लागला. शेवटी मंजूर यादी. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा एक क्रमांक असतो. यादीत तो असेल तर राउटर आत घेतो, नाहीतर पासवर्ड बरोबर असला तरी बाहेर. एकोणिसातले माझा लॅपटॉप, माझा फोन आणि बाबांचा फोन, असे तीन क्रमांक मी यादीत उतरवले. आठवं कलम पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करण्याबद्दल होतं. त्यापुढे मी ‘लागू नाही’ लिहिलं. आमच्याकडे पाहुणे येतच नाहीत, ते राहतातच.

मग बाबांना समोर बसवून भाषण दिलं. पासवर्ड गल्लीभर वाटण्याची वस्तू नसते, तुमच्यामुळे माझं घरून काम बंद होता होता राहिलं, यापुढे माझ्या परवानगीशिवाय या घरात एकही फोन जोडला जाणार नाही. साहेबांना मी हे गोड शब्दांत सांगते. बापाला सांगताना गोडवा कशाला खर्च करा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शेजारच्या बाईचा टीव्ही?” मी म्हटलं, तो पण. त्यांच्या फोनमध्ये नवा पासवर्ड मी घाईघाईत टाकला, माझा कॉल सुरू होत होता, आणि खोलीचं दार लावून घेतलं.

बुधवारी फॉर्म गेला. गुरुवारी सकाळी शाबासकीचा मेल आला की माझं घर विभागात सगळ्यात सुरक्षित आहे. तो मी दोनदा वाचला.

बाबांचा रोज सकाळी दहाचा एक कार्यक्रम असतो. कन्हानकडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं त्यांच्यासोबत काम केलेला एक मित्र आहे. साखरेने त्याचे डोळे गेले. बाबा त्याला व्हिडिओ कॉल लावून पेपर वाचून दाखवतात. त्याला दिसत नाही तर व्हिडिओ कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, तो झोपला की नाही हे मला दिसायला पाहिजे ना. त्या आठवड्यात मात्र बाबा दहा वाजता पेपर घडी करून बाहेर पडत होते. विहारात जातो म्हणाले. मी कानाला हेडफोन लावून बसले होते, मान हलवली.

शुक्रवारी माझा कॉल रद्द झाला म्हणून मी गॅलरीत कपडे वाळत घालायला आले. खालून बाबांचा आवाज आला. शेजारच्या काकूंच्या ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डोक्याला दुपट्टा बांधून, ते धरणातल्या पाण्याची बातमी वाचत होते. एक टेम्पो हॉर्न मारत गेला. फोनमधून मित्राने विचारलं, “कुठं बसून राहिला गा?” बाबा म्हणाले, “आंगणात.” आम्हाला अंगण नाही.

मी खाली गेले. काकू पाण्याचा गिलास घेऊन दारात उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच बोलल्या, की परवापासून येतात, मी म्हटलं घरात बसा पंख्याखाली, तर ऐकत नाहीत. माझ्याकडे त्यांनी रागाने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांचा फोन मी घरी आणून तपासला. चूक माझी होती, आणि तीही पहिल्या वर्षाच्या पोराला शोभेल अशी. हल्लीचे फोन आपला खरा क्रमांक सांगतच नाहीत. प्रत्येक वायफायला एक वेगळा सांगतात; माझ्या फोनवर मी ती सोय कधीच बंद करून ठेवली आहे. मी यादीत जुन्या वायफायला सांगितलेला क्रमांक उतरवला आणि मग वायफायचं नावच बदललं. फोनने नवा क्रमांक सांगितला, राउटरने यादी पाहिली आणि बाबांना बाहेर ठेवलं. नियमाप्रमाणे. तो नवा क्रमांक यादीत टाकून मी हे सगळं बाबांना समजावून सांगितलं, आणि मग थोड्या चिडक्या आवाजात विचारलं की मला सांगितलं का नाही.

“मले वाटलं, तूच काढलं मले यादीतून,” बाबा म्हणाले. “पासवर्ड वाटत होतो ना मी.”

मी म्हटलं, असं कसं करीन मी. ते पेपरची घडी नीट करत राहिले.

“माह्या बापाच्या गावात विहिरीवर कोणी शिव्या देत नव्हतं, बाई. कोणी काही बोलतच नव्हतं. कोण पाणी भरन, ते फक्त ठरलेलं होतं. तू बोलली नाही, मी बी इचारलं नाही.”

मला रडू आलं. लोकांना कुलूप कसं लावायचं ते मी शिकवते, आणि ज्या माणसासाठी घरी राहता यावं म्हणून एवढी कुलपं लावली, तो तीन दिवस दुसऱ्याच्या ओट्यावर उन्हात बसला होता. त्याची साखर तिथे उतरली असती तर मला कळलंही नसतं. विभागात सगळ्यात सुरक्षित घर आमचं.

दुपारी मी ते आठवं कलम उघडलं. पाहुण्यांचं नेटवर्क कामाच्या नेटवर्कपासून वेगळं असतं, त्याला मंजूर यादी लागत नाही आणि कंपनीची त्याला पूर्ण संमती असते. पाच मिनिटांचं काम होतं. बुधवारीच केलं असतं तर हे काही झालं नसतं, पण तज्ज्ञ माणसं शेवटचं कलम वाचत नाहीत. त्या नेटवर्कला मी आमचं जुनं नाव दिलं आणि जुनाच पासवर्ड, आठ आकडी. अशा पासवर्डवर माझं एक तासाचं व्याख्यान आहे, चित्रांसह. फॉर्म सुधारून पाठवला. गल्लीतल्या फोनांना काही सांगावं लागलं नाही, नाव ओळखीचं दिसलं तसे ते आपोआप जोडले गेले. संध्याकाळपर्यंत सोळा झाले. काकूंचा टीव्ही सगळ्यांत आधी आला.

मग काकूंच्या ओट्यावरची ती खुर्ची तेवढी उचलून आणली आणि बाबांसाठी पंख्याखाली ठेवली. ती खुर्ची आमचीच होती हे मला उचलताना कळलं.

शनिवारी दहा वाजता मी खोलीचं दार उघडंच ठेवलं. बाबांनी फोन हातात घेतला, थोडा वेळ पाहिला, मग चष्मा लावून बसले आणि कॉल लावला. पहिल्या पानाची बातमी अर्धी झाली असेल, तोच मित्राने टोकलं.

“आज गाड्यांचा आवाज नाही येऊन राहिला गा. आंगणात नाही का?”

“नाही,” बाबा म्हणाले. “आज घरात आहो.”