आईचे दोन हात, दोन ऑपरेशनं

आईच्या दोन्ही मनगटांत नस दबली होती. निपाणीत घरी बसून विड्या वळण्यात तिचा जन्म गेला. बोटं बधिर झाली की हात झटकायचा आणि पुन्हा विडीच्या पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घ्यायचं, हाच तिचा औषधोपचार. शेवटी विडीचा दोरा बोटांना कळेनासा झाला, तेव्हा मी तिला बेळगावला माझ्याकडे आणलं.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. तळहाताला चिरा देऊन नस मोकळी करायची, नाहीतर मनगटाशी बारीक छेद घेऊन दुर्बिणीनं. गुण शेवटी सारखाच. पण दुर्बिणीत दुखणं कमी आणि हात लवकर कामाला लागतो. मला चौकशीची खोडच आहे. चार लोकांना विचारलं, मोबाइलवर डोळे फोडले आणि उजव्या हाताला दुर्बीण ठरवून टाकली.

ऑपरेशन झकास झालं. निपाणीला पोचलो तर गल्लीतल्या बायका बिस्किटांचे पुडे घेऊन बघायला हजर. आमच्याकडे आजार पट्टीवरून मोजतात, आणि आईच्या मनगटावर होती जेमतेम दोन बोटांची चिकटपट्टी.

“एवढंच व्हय, आक्का? आमाला वाटलं लई मोठं काय झालंय.”

दुसरीनं भिजवलेली पानं पुढं सरकवली, बसल्या बसल्या कातर म्हणून. वडिलांनी चहा मागितला. आठवडा सरायच्या आत सूप मांडीवर आलं. जबरदस्ती कुणी केली नाही, पण ‘राहू दे’ असंही कुणी म्हटलं नाही. मला भयंकर राग आला.

डाव्या हाताची वेळ आली तेव्हा मी अर्थातच पुन्हा दुर्बीण म्हटलं. आईनं डॉक्टरांसमोरच मला गप्प केलं.

“ह्या हाताला चिराच द्या.”

“अगं, त्यात जास्त दुखतं. बरं व्हायला वेळ लागतो.”

“ठावं हाय मला.”

या खेपेला बोटांपर्यंत पट्टी आणि गळ्यात झोळी. पानं कुणी सरकवली नाहीत. वडील चहा करायला शिकले. चहा वाईटच व्हायचा. आई तो कट्ट्यावर बसून सावकाश प्यायची. तळहात ठणकत होता, पण इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

टाके काढल्यावर डॉक्टर खुशीत म्हणाले, “जखम छान भरलीय. आता पट्टीची गरज नाही.”

आईनं तळहाताकडं बघितलं आणि हात पुन्हा पुढं केला.

“बांधाच की, डॉक्टर. ऱ्हाऊ दे अजून थोडं दिवस.”