पत्र्यावर टाकलेला दात

"आत्या, बसा की."

"बसून दात रुजतो व्हय?"

असं म्हणून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची आणि पुन्हा दारापर्यंत जाऊन यायची. दातांच्या दवाखान्यात माणसं गाल धरून बसतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. ही मात्र सारखी येरझारा घालायची. नारायणगावच्या त्या दवाखान्यात मी मदतनीस. तिच्या चपलांची माती मलाच पुसावी लागायची, त्यामुळे माझं डोकं फिरायचं.

ती निमगाव सावाची. दुखणं तिचं नव्हतंच, अकरा वर्षांच्या भाचीचं होतं. शाळेत खो-खो खेळताना पोर खांबावर आपटली आणि पुढचा दात मुळासकट निघाला. तो रुमालात बांधून ती घरी आली. आत्यानं रक्त पुसलं आणि आपण दुधाचे दात टाकतो तसा तो सवयीनं पत्र्यावर फेकला. हा पक्का दात आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"लगेच दुधात घालून आणला असता तर परत बसवता आला असता," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"दुधात? घरी दोन म्हशी हायेत वो माझ्या!" आत्या भिंतीकडं तोंड करून रडली. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर चढून शोधलेला, वाळलेला दात घेऊन हजर. त्याचा काही उपयोग नव्हता.

पोर हात तोंडावर ठेवूनच बोलायची. हसणं तर बंदच.

मग मॅडमनी सुचवलं, मागं दाटीत उगवलेला तिचाच एक दात काढून पुढं लावू, तारेनं बांधू, वरून आकार देऊ. पण रुजेलच असं नाही.

"म्हंजे रोपाची लावणीच की," आत्या म्हणाली. "मग पाणी कवा द्यायचं?"

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही, बाई खरंच विचारत होती.

दात लावला. पुढं तारही निघाली. तरी प्रत्येक तपासणीला आत्याच्या फेऱ्या चालूच. "नीट बघा ना. माझ्या हातनं गेलाय वो." एकदा वैतागून मी खुर्ची तिच्यापुढं आदळली. तिनं खुर्चीवर पिशवी ठेवली.

वर्षभरानं मॅडमनी स्क्रीनवर नवा एक्स-रे लावला. मूळ वाढलं होतं.

"रुजला, आत्या."

"खरं?"

"खरं."

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसली.

मी चहा सांगून आले तोवर ती गाढ झोपली होती. मी हाक मारणार, तेवढ्यात भाचीनं मला अडवलं.

"राहू द्या, लई दमलीय," ती म्हणाली आणि हसली. हात तोंडाकडं गेलाच नाही.