कालव्याकाठची लाल लाळेरी

आमच्या पोलादपूरकडच्या वाडीत उगाच चालणाऱ्या माणसाचं डोकं फिरलं असं समजत. चालायचं ते बाजाराला, कोर्टाच्या तारखेला, नाहीतर एसटी चुकली म्हणून. हवा खायला फिरणं हे महाडच्या वकील-डॉक्टरांचं काम. त्यामुळे ओसाकाच्या कारखान्यातला इंजिनिअर जेव्हा मला म्हणाला, की रविवारी क्योटोला जाऊ, तिथे कालव्याच्या काठाने चालायला फार सुंदर वाट आहे, तेव्हा मी विचारलं, "ती जाते कुठे?" तो म्हणाला, "कुठे नाही. फक्त चालायचं." मला वाटलं, ह्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं दिसतंय.

ही ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी एका रसायनाच्या कारखान्यात होतो. आठवडाभर बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचं आणि सुट्टीला वाडीवर जायचं, असा क्रम. कारखान्याने जपानहून एक यंत्र मागवलं आणि ते चालवायला शिकून यायला मला पाठवायचं ठरवलं. माझ्यात काय पाहिलं देव जाणे. देव हा शब्द सवयीने आला, आमच्या आबांना तो चालत नसे.

आबा म्हणजे माझे वडील. दीक्षा घेतली तेव्हा घरातले टाक आणि शेंदूर लावलेले दगड त्यांनी फडक्यात बांधून सावित्रीच्या डोहात सोडले होते. मी लहान होतो, पण तो धबाक आवाज मला आठवतो. ज्या देवांच्या देवळाची पायरी आम्हाला चढू दिली नाही, ते देव घरात कशाला सांभाळायचे, असं त्यांचं सरळ म्हणणं. त्या दिवसापासून घरात एकच नियम होता, "मान वाकवायची ती बुद्धापुढं. दगडापुढं नाय."

मी जपानला निघालो म्हणताना वाडीने ठरवूनच टाकलं, की पोरगा बुद्धाच्या देशात चाललाय. बुद्ध आपल्याच देशाकडचा, असं मी दोघातिघांना समजावलं, पण माझं कोण ऐकतो? आबांनी पत्र्याच्या विहारासाठी मूर्ती आणायला सांगितली. आई पोलादपूरच्या स्टँडवर सोडायला आली होती. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाली, "मला काय नको आणूस रे. तिथं बुद्धाच्या पायाशी बायचं नाव घे."

बाय म्हणजे माझी धाकटी बहीण. दोनेक वर्षांची असताना पावसाळ्यात तापाने गेली. नदीला पूर होता, महाडला न्यायला वाटच नव्हती. लहान पोरांना पुरतात तसं तिला नदीकाठी पुरलं आणि पुढच्या पुराने तो काठच नेला. तिचा फोटो नाही, खूण नाही, काही नाही. वरच्या आळीतले लोक म्हणाले, देव बुडवले त्याचं फळ. ते ऐकल्यापासून आबांनी घरात तिचं नाव काढलं नाही, आमचं रडणं ऐकून कुणाला बरं वाटायला नको म्हणून. आईने मात्र ती वर्षानुवर्षं मनात सांभाळली. चुलीपुढे बसलेली असताना तिचे ओठ हलत, ते कशासाठी हे मला ठाऊक होतं.

तर ती वाट. खोटं कशाला बोलू, सुंदर होती. डोंगराच्या पायथ्याने एक अरुंद कालवा, आमच्याकडच्या पाटापेक्षा थोडा मोठा, दोन्ही बाजूंनी दगडांनी बांधून काढलेला. काठाला चेरीची झाडं. बहर ओसरत आला होता आणि पाण्यावर पाकळ्या पसरल्या होत्या, लाह्या सांडाव्यात तशा. पाण्यात मोठे रंगीत मासे निवांत फिरत होते आणि त्यांना कुणी धरत नव्हतं, ह्याचं मला सगळ्यात नवल वाटलं. आमच्या वाडीतल्या पोरांनी ते दुपारपर्यंत ठेवले नसते. गळ्यातल्या कॅमेऱ्याने फोटो काढत इंजिनिअर म्हणाला, पूर्वी एक प्राध्यापक रोज ह्या वाटेने विचार करत चालायचे, म्हणून हिला तत्त्वज्ञाची वाट म्हणतात. मी हसलो. आमच्याकडे खाली मान घालून चालणाऱ्याला विचारतात, "काय रे, काय हरवलं?"

पण थोडं चालल्यावर मलाही ते आवडायला लागलं. पायांना घाई नव्हती. कुठे पोचायचं नव्हतं. असं मी आयुष्यात कधी चाललो नव्हतो, आणि आबा-आई तर नाहीच नाही. मनात म्हटलं, पुढे कुठेतरी देऊळ लागेल, तिथे बुद्धाच्या पायाशी बायचं नाव घेऊ आणि मोकळे होऊ.

देवळाआधी ते दगड लागले. वाटेच्या कडेला छोट्या छपराखाली हातभर उंचीचे काही दगड ओळीने उभे. नाकडोळे झिजून गेलेले, पुढ्यात फुलं, नाणी, एक कागदाचं भिरभिरं. आणि प्रत्येकाच्या गळ्यात लाल कापड, तान्ह्या बाळाला बांधतात तसं लाळेरं. आईच्या वयाची एक बाई जुनं लाळेरं सोडून नवं बांधत होती.

माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, इतक्या लांब आलो आणि इथेही तेच? दगड, लाल रंग आणि पुढ्यात पैसे! इंजिनिअरने हात जोडून मान लववली आणि मलाही खूण केली. मी हात पाठीमागे बांधून ताठ उभा राहिलो. म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत. आम्ही दगडाला नमस्कार करत नाही." तो गोंधळला. "हासुद्धा बौद्धच," असं काहीतरी म्हणाला. मग बाईकडे बोट दाखवून, हाताने गुडघ्याएवढी उंची दाखवत म्हणाला, "मुलं. मुलांसाठी."

मी लगेच ओळखलं. निदान मला तसं वाटलं. आमच्याकडे मूल व्हावं म्हणून देवीला पाळणा बांधतात, तसला हा प्रकार. मी दोन बोटं दाखवून म्हणालो, "मला दोन आहेत. बस झाली. आमच्या सरकारचंही तेच म्हणणं आहे." आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसलो. इंजिनिअर हसला नाही.

त्याने बाईला सांगितलं असावं की हा भारतातला, बुद्धाच्या देशातला. कारण ती बाई उठली, माझ्यापुढे कमरेत वाकली आणि पिशवीतून तळहाताएवढी एक मातीची मूर्ती काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. तसलाच गोल चेहरा, मिटलेले डोळे, गळ्याशी लाल चिंधी. मी दोन्ही तळवे वर करून नको नको म्हटलं. तिला वाटलं मी संकोचतोय, तिने पुन्हा पुढे केली. मी एक पाऊल मागे सरलो. मग तिने ती फडक्यात गुंडाळून ठेवली आणि पुन्हा वाकली. इतकी वर्षं झाली, त्या वाटेचं पाणी, पाकळ्या सगळं पुसट झालं, पण तिचे ते पुढे आलेले हात आठवले की जीव हळहळतो. हातात घ्यायला मला काय झालं होतं?

त्यानंतर मला देवळात जावंसंच वाटेना. उगाच रुसल्यासारखा मी बाहेरूनच परत फिरलो. शेवटच्या आठवड्यात ओसाकाच्या एका मोठ्या दुकानात विहारासाठी पितळी रंगाचा बुद्ध घेतला. तिथेच, काचेच्या कपाटापुढे, मनातल्या मनात बायचं नाव घेतलं. मूर्तीच्या पायाशी किमतीची चिठ्ठी लटकत होती. घरी आल्यावर आईने विचारलं, "नाव घेतलंस?" मी म्हटलं, "घेतलं." ती बरं म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर यंत्र महाडला आलं आणि ते बसवायला तोच इंजिनिअर आला. एका सुट्टीला मी त्याला वाडीवर जेवायला नेलं. सगळी वाडी त्याला बघायला दारात. आईने तांदळाची भाकरी, भात आणि नदीच्या माशांचं कालवण केलं होतं. तिखटाने त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या तरी तो मागून मागून खात होता. आबा त्याच्यावर खूश. मध्येच त्याने पिशवीतून त्या रविवारचे फोटो काढून आईच्या हातात दिले.

एका फोटोत ती बाई दोन्ही हात पुढे करून उभी होती आणि मी तळवे दाखवत मागे सरलेला. आईने तो उजेडाकडे धरला. "ही काय देत्ये रे तुला? आन ह्या बारक्यांना लाळेरी कशाला घातल्यात?"

मी म्हटलं, "नवसाचे दगड असतील." पण इंजिनिअरने प्रश्न काय ते विचारलं आणि जेवता जेवता थांबून मला समजावून सांगायला लागला. ह्या वेळी त्याने शब्दकोश उघडला होता. मी त्याचं एकेक वाक्य मराठीत करत गेलो. लहानपणी वारलेली पोरं. त्यांना नदी लागते. एकट्याने ओलांडता येत नाही. दगडातला हा बोधिसत्त्व त्यांना आपल्या झग्यात घेऊन पैलतीराला नेतो.

तिथे मी थांबलो. आई माझ्याकडेच बघत होती. "पुढं सांग," ती म्हणाली.

"आया आपल्या पोराचं लाळेरं त्याच्या गळ्यात बांधतात. म्हणजे त्या वासावरून त्याला ते पोर ओळखता येतं."

आईने फोटोतल्या बाईवरून अंगठा फिरवला. "म्हंजी हिचं बी गेलेलं."

आबांनी फोटो मागून घेतला. डोळ्यांजवळ धरून बघितला. मला वाटलं, आता म्हणतील, बरं केलंस. ते म्हणाले, "घ्यायला पायजे व्हती रे. मान वाकवू नको म्हनलो व्हतो मी. हात पुढं करू नको म्हनलो नव्हतो."

पुन्हा जायला मिळालं तर आणीन, असं काहीतरी पुटपुटलो. पुन्हा जायला मिळणार नव्हतं हे मला ठाऊक होतं, आणि मिळालंही नाही.

आईने पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. भाताचं भांडं पुढ्यात ओढून ती कुणालाच न विचारल्यासारखी म्हणाली, "मंग आपल्या बायला त्यानं वळखलं कसं असंल?"

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. "आई काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "आणखी भात वाढू का, विचारते."

त्याने हसून ताट पुढे केलं, आणि आईने त्याला भात वाढला.