पानं आणि पानी

माझा जावई नाशिककडचा, द्राक्षवाल्यांच्या घरातला. बोईसरच्या कारखान्यात नोकरी करतो आणि सुटीला पालघरजवळच्या आमच्या माहीमला येऊन माझ्या वाडीत अक्कल पाजळतो. मला मुलगा नाही, म्हणून वाडी आत्ताच आपली झाली असं त्याला वाटतं. मी पालघरला लग्नाला गेले होते, तेवढ्यात त्याने कडेची चिकूची झाडं पाडली आणि तिथे सफरचंदाची रोपं लावली. गरम हवेत येणारी जात म्हणे.

"ही लागली की बाकीचे चिकूपण काढू," म्हणाला.

ते चिकू माझ्या सासऱ्यांनी लावलेले. तेव्हापासून मी त्याला जेवायला वाढते, पण बोलते कामापुरतंच.

झाडं मोठी झाली तरी फूल येईना. सफरचंदाला थंडी लागते, पानं गाळून झोपावं लागतं. आमच्याकडे थंडी कुठली? मग हिवाळ्यात हाताने पानं ओरबाडायची, म्हणजे झाड फसतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसता त्याचा फोन आला, मागे यंत्रांची घरघर. मला ऐकू आलं, "आई, पानी तोडा." पाणी तोडायचं म्हणजे बंद करायचं. मी सफरचंदांची नळी बंद केली.

पुढच्या खेपेला आला तर पानं जागेवरच, पण मलूल.

"आई, मी पानं तोडा म्हटलं होतं! पाणी नाही!"

"आमी पाण्याला पानीच बोलतो. तुमी नीट बोला."

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"मुद्दाम करायचं तर घरात कोयता हाय."

मुलगी मध्ये पडली. "आये, पुरे कर गो."

"तू गप. यानं चिकू पाडले तवा तुजं तोंड कुटं गेलं होतं?"

त्याने स्वतः सगळी पानं ओरबाडली आणि पाणी सोडलं. झाडं नागडी उभी होती, बघवत नव्हती. पण फुलं आली. मे महिन्यात लहान, पिवळट फळं तयार झाली. त्याने एक कापून सगळ्यांसमोर मला फोड दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.

खोटं कशाला बोलू?

"गोड हाय," म्हटलं.

तो लगेच चिकूंकडे वळला. "मग पावसाआधी हे काढूया?"

"गोड हाय म्हटलं, काढा नाय म्हटलं. मी जिती असताना एका चिकूला हात लागला, तर सफरचंदांसकट तुमाला वाडीबाहेर काढीन."

तो सुरी तिथेच टाकून गेला. उरलेलं फळ मी खाऊन टाकलं.